तालिबची जागा

शिनोली, ता. आंबेगाव
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय कशिश,

तुला जय भीम, चाचांना आणि चाचींना सलाम. आमच्याकडे सगळे ठीक आहेत. भाताची झोडणी उरकली. थंडी पडली की आईचा गुडघा कुरकुरतो, तो कुरकुरतोय. बाकी नवीन काही नाही.

हे पत्र आमची ज्योत्स्नाताई तुझ्या हातात देईल. ती उद्या सकाळी जुन्नरच्या दवाखान्यात ड्यूटीवर जायच्या आधी तुमच्या गल्लीतून जाणार आहे. तू म्हणशील, हा दिवसभर कॉम्प्युटरपुढे बसतो आणि कागदावर पत्रं लिहितो, ह्याचं काही खरं नाही. पण तुझ्या फोनवर काही आलं की चाची शेजारी बसून तुझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतात, हे मला तालिबनंच हसत हसत सांगितलं होतं. हे पत्र मोठ्यानं वाचू नकोस. आधी एकटीनं वाच.

तू मेसेजमध्ये दोन गोष्टी विचारल्यास. एक म्हणजे, कॉलेजात यंदा कंपन्या फारशा आल्याच नाहीत, कोड तर आता मशीनच लिहितं, मग तुमच्यासारख्या शेवटच्या वर्षाच्या मुलींनी काय करावं म्हणजे इतक्या गर्दीत उठून दिसता येईल आणि दोन वर्षांनी कुणी घरी बसवणार नाही. आणि दुसरी गोष्ट, गुरुवारी अब्बा तुला घेऊन मंचरला येणार आहेत, तालिबच्या जागेवर त्याच्या बहिणीला घ्या म्हणून आमच्या सरांना सांगायला, तर काय काय वाचून येऊ.

दुसऱ्याचं नंतर लिहितो. आधी पहिलं.

सर्टिफिकेटं गोळा करत बसू नकोस. तुझ्या वर्गातल्या सगळ्यांकडे तीच असणार. एआयचं टूल वापर, त्याला नावं ठेवून काही होत नाही, मीही रोज वापरतो. फक्त त्यानं दिलेली प्रत्येक ओळ तुला स्वतःला समजावून सांगता आली पाहिजे. ही ओळ इथे का, असं कुणी विचारलं आणि तुला सांगता आलं नाही, तर ती ठेवू नकोस. प्रोजेक्ट एकच कर, पण खरंच कुणीतरी वापरेल असा कर. कॉलेजात सगळ्यांचं हॉटेलचं बुकिंग तयार असतं आणि त्या हॉटेलात कुणी कधी राहायला आलेलं नसतं. ज्याच्यासाठी बनवायचं त्याच्याजवळ जाऊन उभी राहा, त्याला विचार, तो वैतागला तरी विचार.

एवढं लिहून वाचून पाहिलं. छान वाटलं. मग लक्षात आलं की यातलं एकही वाक्य माझं नाही. सगळं तालिबचं आहे. तो असता तर तू मला कशाला विचारलं असतंस? जेवताना त्यानंच तुझं डोकं खाल्लं असतं.

आमचं ऑफिस तू पाहिलेलं नाहीस. मंचरला हायवेच्या कडेला खतांच्या दुकानावर आहे, अरुंद जिना चढून वर. नवनाथ सर मालक, फोन आणि बिलं बघायला वृषालीताई, आणि प्रोग्रॅम लिहायला आम्ही दोघं, तालिब आणि मी. कांद्या-बटाट्याच्या आडतदारांसाठी आम्ही प्रोग्रॅम बनवतो. शेतकऱ्याचा माल आला, लिलाव झाला, वजन झालं, हमाली-तोलाई कापली, की त्याच्या हातात विक्रीची पट्टी पडते. ती पट्टी आमच्या प्रोग्रॅममधून निघते. तालिब चाचांच्या बारदानाच्या दुकानात लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे आडत, पट्टी, गोणी हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मी मात्र पहिले काही महिने नुसती मान हलवायचो.

आम्ही लागलो त्या वर्षी एक भानगड झाली. एकाची पट्टी दुसऱ्याच्या नावावर पडली. दोघंही हनुमंत, दोघांच्या वडिलांचं नाव सावळाराम, आडनाव एक, गाव एक. मी म्हटलं, सोपं आहे, मोबाईल नंबरवरून ओळखू. तालिब दुसऱ्या दिवशी ऑफिसात आलाच नाही, थेट मार्केट यार्डात जाऊन बाळासाहेब आडतदारांच्या गाळ्यावर जानकू मुनिमाशेजारी उभा राहिला. मला फोन करून म्हणाला, "ये जरा, ऐक." मी गेलो. जानकू मुनीम गोण्यांच्या थप्पीवर हात ठेवून सांगत होते, "आवो भाऊ, ह्यो वरच्या मळ्यातला हनुमंत आन् त्यो वढ्याकडचा. फोनवर काय जाता? तिगा भावांत येकच फोन, त्यो बी थोरल्याच्या खिशात. कुनाचा माल हाय ते आमी मळ्यावरनं वळखतो."

त्या दिवसापासून आमच्या प्रोग्रॅममध्ये नावाबरोबर मळा विचारला जातो. आणि तालिबनं त्या ओळीच्या वर मराठीत एक शेरा लिहून ठेवला: "नंबरावरून माणूस ओळखू नये. तिघा भावांत एकच फोन असतो. मळा विचारावा." तुला माहीत असेल, असे शेरे मशीन वाचत नाही, पुढचा माणूस वाचतो. तो असे शेरे सगळीकडे पेरायचा. एका ठिकाणी लिहिलंय, "हा भाग प्रबुद्धने उपाशीपोटी लिहिला आहे, हात लावताना जपून." सरांनी ते वाचलं तेव्हा ते हसले होते. तेव्हा सगळेच हसायचो.

चाची डबा दोघांचा द्यायच्या, हे तुला ठाऊकच आहे. माझ्या आईला ते कळल्यावर तिनं माझा डबा द्यायचंच बंद केलं, म्हणाली चांदबीवहिनींच्या हातचं खाऊन तू माझ्या भाजीला नावं ठेवतोस. मागच्या रविवारी तालिबच्या चाळिसाव्याला मी आलो, तेव्हा चाचींनी मला जवळ बसवून विचारलं, "डब्बा पुरता था ना रे दोनों को?" मी म्हटलं, पुरायचा, उरायचा. त्या रडल्या, मग मीही रडलो. तू चहा घेऊन आलीस आणि तशीच परत गेलीस, ते मी पाहिलं.

त्याच दिवशी चाचा सगळ्या पाहुण्यांसमोर मला म्हणाले, "हमालाचा बिल्ला त्येच्या पोराला भेटतो. तोलाईवाल्याचं बी तसंच. मानूस कामावर जाता जाता गेला तर त्येची जागा घरच्यालाच जाती. आमची पोरगी शिकल्याली हाय. तुमच्या सायबाला सांग, तिला बशिवतो म्हनावं." आणि पाहुण्यांनी माना हलवल्या, कारण मार्केट यार्डात ते तसंच आहे, चाचांनी आयुष्यभर तेच पाहिलं. मीही मान हलवली. दुसरं काय करणार होतो, अंगणात जेवायची पानं मांडलेली होती.

ताई विचारतेय, अजून किती पानं लिहिणार आहेस. चहा ठेवलाय म्हणते.

चहा झाला. आता गुरुवारचं लिहितो, टाळून टाळून किती टाळणार.

गुरुवारी येऊ नका, कशिश. जागा नाही.

सर तुला नाही म्हणणार नाहीत, हीच माझी भीती आहे. ते चाचांना खुर्ची देतील, चहा मागवतील, डोळ्यांत पाणी आणतील, आणि ते पाणी खरं असेल. शेवटी म्हणतील, "बघू." चाचा त्या "बघू"वर भरवसा ठेवून घरी जातील. तू दुसरीकडे कुठे अर्ज करायला निघालीस तर म्हणतील, थांब, मंचरचं होणार आहे. तू वर्षभर थांबशील. तुझ्यासारखी मुलगी या दिवसांत एक वर्ष थांबली तर पुढे तिला कोण विचारणार? म्हणून लिहितोय.

जागा नाही, कारण ती तालिब होता तेव्हाच गेली होती.

गणपतीच्या आधी सरांनी ते नवीन एआयचं टूल घेतलं. आडतदार कमी झालेत, कुणी मोठ्या कंपनीकडे गेले, सरांचीही रात्रीची झोप उडालेली होती, ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी आम्हा दोघांना एकच काम दिलं, पट्टीचा सगळा भाग नव्यानं बनवा. बोलले नाहीत, पण आम्हाला कळलं होतं की दोघांतला एकच राहणार. मी टूलला सांगितलं आणि जेवायच्या सुट्टीआधी स्क्रीन तयार करून दाखवली. तालिब यार्डात गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. त्याच्या शर्टाला कांद्याचं फोलपट चिकटलेलं असायचं आणि तो मला सांगायचा, अरे, लिलावात भाव फुटल्यावर तो पटला नाही म्हणून अर्धा माल परत घेऊन जाणारे लोक आहेत, त्यांचं आपण काहीच धरलेलं नाही. मी म्हणायचो, तालिब, आधी काहीतरी दाखव त्यांना. तो म्हणायचा, "दाखवतो राव, पण खोटं काय दाखवू?"

सरांनी त्याला आत बोलावलं. दार उघडंच होतं. "तू विचारत बसतोस, तालिब. आता विचारत बसायचे दिवस गेले," एवढंच मला ऐकू आलं. तो बाहेर आला, बॅग उचलली आणि माझ्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "जेवायला तर येऊ देतील ना?"

तो रोज येत राहिला, कशिश. तुम्हाला वाटायचं तो ऑफिसला जातो. तो सकाळी डबा घेऊन, इस्त्रीचा शर्ट घालून जुन्नरहून निघायचा आणि बाळासाहेबांच्या गाळ्यावर जाऊन बसायचा. दुपारी ऑफिससमोरच्या हॉटेलात मला बोलावून घ्यायचा, मग आम्ही डबा खायचो. घरी का सांगत नाहीस म्हणून मी भांडलो त्याच्याशी. म्हणाला, "अब्बांनी अख्ख्या तांबट गल्लीत सांगितलंय, माझा पोरगा कॉम्प्युटर इंजिनीयर आहे. जरा काहीतरी हातात येऊ दे, मग सांगतो." बारीक झाला होता तो. चाचींना वाटायचं जागरणं होतात.

आणि हातात आलंही होतं. त्यानं गाळ्यावर बसून स्वतःचा एक प्रोग्रॅम लिहिला, फक्त बाळासाहेबांसाठी, जानकू मुनिमाला समजेल अशा भाषेत. बाळासाहेब म्हणाले, मंगळवारी ये, लिलावात चालवून बघू, जमलं तर बाकीच्या गाळ्यांनाही मी सांगतो. सोमवारी दुपारी त्यानं मला हे सांगितलं तेव्हा तो किती खूश होता ते तुला कसं सांगू? डब्यातलं सगळं मला खायला लावलं, स्वतः नुसता बोलत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कळंबच्या अलीकडे त्या ट्रकनं ते सगळं संपवलं.

बाळासाहेब गेल्या आठवड्यात ऑफिसात आले. माझ्या त्या अर्ध्या दिवसाच्या प्रोग्रॅमनं दोन्ही हनुमंत पुन्हा एक करून टाकले होते आणि गाळ्यावर भांडणं झाली होती. जिना चढून आले ते चिडूनच. मला म्हणाले, "तुमचं ऱ्हाऊ द्या. त्यो जुन्नरचा पोरगा कुटंय? तालिब. त्येला बोलवा." सर स्क्रीनकडे बघत राहिले. वृषालीताई उठून आत गेल्या. मला सांगावं लागलं.

ते तालिबच्या खुर्चीवर बसले. मग म्हणाले, "मला कुनीच सांगितलं न्हाई. त्या मंगळवारी मी लिलाव थांबवून वाट बघितली त्येची. म्हनलं, ह्या पोरांचं काय खरं न्हाई, दुसरीकडं मोटं काम गावलं आसंल, म्हनून आला न्हाई. लई बोललो मी त्येला मनात." टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि बसून राहिले. चहा आला तो तसाच निवला.

तू विचारलंस ना, उठून कसं दिसायचं? मला एवढंच माहीत आहे. एवढी वर्षं आम्ही दोघांनी काम केलं, पण कुणी जिना चढून येऊन नाव घेऊन विचारलं ते फक्त तालिबला. मला अजून कुणी विचारलेलं नाही. आणि तरीही राहिलो मी, हे तुझ्यापासून लपवून तुला सल्ले कसे देऊ? तालिबसारखी हो, असं मी तुला कुठल्या तोंडानं सांगू, आणि माझ्यासारखी हो असं तर सांगवतच नाही. राग येतो मला. सरांचा नाही, त्या टूलचाही नाही, कुणाचा ते नेमकं कळत नाही.

त्या दिवशी बाळासाहेब गेल्यावर मी मळा विचारायची ओळ नव्या प्रोग्रॅममध्ये परत घातली. वर तालिबचा शेरा होता तसा लिहिला, अक्षर न् अक्षर. पण तुम्हाला कॉलेजात शिकवलं असेल, प्रोग्रॅममध्ये प्रत्येक ओळीपुढे ती कुणी लिहिली त्याचं नाव आपोआप पडतं. जुन्या प्रोग्रॅममध्ये त्या ओळीपुढे तालिबचं नाव होतं. आता तिथे माझं आहे. जुना प्रोग्रॅम उद्यापासून बंद करायचा, असं सरांनी सांगितलंय. मी करणार आहे. घरात नोकरी मला एकट्याला आहे, आप्पांचं भात घरापुरतंच होतं. तू मला काहीही म्हण.

बाळासाहेबांनी जाताना विचारलं होतं, त्या पोराचं अर्धं राहिलेलं काम कुणी पुरं करील का. मी तुझं नाव घेतलं नाही. घ्यावंसं वाटलं होतं. पण तू भावाचं राहिलेलं पुरं करत आयुष्य काढावंस, हे ठरवणारा मी कोण? त्याचा लॅपटॉप तुमच्याच घरी आहे. कधी तुला स्वतःला उघडावासा वाटला तर उघड, नाही वाटला तर पुण्याला जा, नाशिकला जा, जिथे बोलावतील तिथे जा, पण आमच्या त्या जिन्याकडे बघत बसू नकोस. तिथे वर काही नाही.

सकाळी लिहायला बसलो तेव्हा माझ्या मनात होतं की हे सगळं तुला कळवावं आणि चाचांना तू सांगावंस. आता पत्र इतकं झाल्यावर मला माझीच लाज वाटते. वीस-एकवीस वर्षांच्या पोरीनं बापाला असलं काही का सांगावं? तू कुणाला काही सांगू नकोस. फक्त म्हण, प्रबुद्ध बुधवारी संध्याकाळी येतोय, गुरुवारचं त्याच्याशी बोलून ठरवू. सुट्टी मी मागितली आहे.

चाचा चाळिसाव्याला सगळ्यांना सांगत होते, माझा पोरगा कामाला निघालेला होता. मी त्यांना पहिल्यांदा हेच सांगेन की ते खरं आहे. तो त्या सकाळी कामालाच निघाला होता, यार्डात एक माणूस लिलाव थांबवून त्याची वाट बघत होता. आमच्या ऑफिसचं त्यानंतर सांगेन. दोघांतून एकालाच ठेवायचं होतं आणि कुणाला ठेवलं, तेही सांगेन. मग ते मला आत बसवतील की दारातूनच जा म्हणतील, मला माहीत नाही. ते जे करतील ते मला मान्य आहे.

तुझा,
ज्याला ठेवून घेतलं तो
प्रबुद्ध